धारेवर आरसा हवा असेल, तर ८०००च्या आधी ३०००चा दगड घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी ४००ची डायमंड प्लेट आहे (हे आकडे कणांच्या बारीकपणाचे; आकडा जितका मोठा, तितका कण बारीक), १०००/६०००चा जोडदगड आहे, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवा बफिंग साबण चोळलेला आहे. सुरी २१० मिलिमीटरची, जपानी घडणीची, स्टेनलेसची. कागद सरळ कापला जातो, पण बेव्हलवर, म्हणजे धारेलगतच्या उतरत्या पट्ट्यावर, आरशासारखी झिलई येत नाही; धुरकट झाक राहते आणि मधूनच एखादी खोल रेघ चमकते. मग ८००० की १०,०००चा दगड घ्यावा, चामोटी (धार परजायचं चामडं) कुठली घ्यावी, आणि गोव्याच्या पावसात हे सगळं टिकवायचं कसं?

१०,०००चा दगड घेऊ नका. ८०००चाही आत्ता नको. तुमच्या साखळीत मधली एक कडी नाही, ती ३०००ची आहे. आणि जी धुरकट झाक तुम्ही चामोटीने घालवायला बघताय, ती १०००च्या दगडावर राहून गेलेली आहे.

आरसा म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पृष्ठभागावरच्या रेघा याहून पुरेशा उथळ झाल्या की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो, आणि पोलादात तुमचं बोट दिसायला लागतं. शंभर उथळ रेघांमध्ये दहा खोल रेघा उरल्या असतील तर त्या दहाच डोळ्यांत भरतात, आणि आजूबाजूचं पोलाद जितकं लखलखीत तितक्या जास्त. म्हणूनच शेवटचा दगड महाग घेतल्यावर पुष्कळांना सुरी आधीपेक्षा वाईट दिसते. दगड बिघडलेला नसतो, त्याने आधीची उणीव उघडी केलेली असते.

आता आकड्यांचा घोळ. दगडावरचा १०००, वॉटर पेपरवरचा १००० आणि डायमंड प्लेटवरचा १००० या तीन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. जपानी दगड जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, प्रमाणाने मोजतात. त्यात १००० म्हणजे सरासरी कण ११.५ मायक्रॉन, २००० म्हणजे ६.७, ३००० म्हणजे ४, ४००० म्हणजे ३, ६००० म्हणजे २ आणि ८००० म्हणजे १.२. हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिश पेपरच्या आकड्याआधी ‘पी’ असतो, ते युरोपीय प्रमाण आहे. पी १००० म्हणजे १८.३ मायक्रॉन आणि पी २००० म्हणजे १०.३. म्हणजे पी २०००चा कागद हा जपानी १०००च्या दगडाच्या जवळपासच बसतो. ‘२०००चा कागद मारून थेट ८०००वर गेलो’ असं कोणी म्हणतं, तेव्हा त्याने खरं तर १०.३ मायक्रॉनवरून १.२वर उडी मारलेली असते. डायमंड प्लेट बहुधा जाळीच्या आकड्याने विकतात आणि दर कंपनीचं प्रमाण निराळं असतं, त्यामुळे प्लेट घेताना आकडा न बघता मायक्रॉन विचारा. शिवाय हिऱ्याचा कण निकेलमध्ये घट्ट रुतलेला असतो, लवकर झिजत नाही, लोळत नाही. तेवढ्याच मापाच्या पाण्याच्या दगडापेक्षा तो पोलादात खोल चर पाडतो. ९ मायक्रॉनची प्लेट वापरल्यावर तिच्या रेघा पुसायला ११.५ मायक्रॉनचा दगड लागतो, हे कागदावर उलटं वाटतं, पण भिंगाखाली तसंच दिसतं.

पायरी बदलताना कणाचं माप निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर आणायचं, त्याहून मोठी उडी मारायची नाही. तुमची उडी ११.५वरून २वर, म्हणजे जवळजवळ सहापट आहे. ६०००च्या दगडाने १०००च्या रेघा पुसता येत नाहीत असं नाही, पण त्याला इतका वेळ लागतो की माणूस मध्येच थांबतो, किंवा कंटाळून दाब वाढवतो. दाब वाढला की बारीक दगडावर पोलादाची काळी भुकटी साचते, दगड काचेसारखा गुळगुळीत होतो, पातं घसरतं आणि नव्या रेघा पडतात. मध्ये ३०००चा दगड ठेवला की ११.५, ४, २ अशी उतरंड होते आणि ६०००वरचं काम पाच-सात मिनिटांत संपतं. पुढे कधी जोडदगड झिजला तर १०००, ३०००, ८००० असे तीन सुटे दगड घ्या, ते सर्वांत सोयीचं. १०००, ४००० आणि ८००० अशी जोडणीही बऱ्याच ठिकाणी मिळते. तीही चालेल, पण पहिल्या उडीला वेळ जास्त द्यावा लागेल.

दगड कुठल्या जातीचा घ्यायचा हे पोलादावर ठरतं. सुरीवर व्हीजी-१०, एयूएस-८, ४४०सी किंवा जर्मन १.४११६ असं काही लिहिलेलं असेल तर साधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या कुरुंदाच्याच कुळातला कृत्रिम दगड पुरेसा आहे. या पोलादांतली क्रोमियम कार्बाइडं (पोलादातले कठीण कण) कुरुंदापेक्षा मऊ असतात, त्यामुळे दगड ती कापतो. एस३०व्ही, एम३९० यांसारख्या पोलादांत व्हॅनेडियम कार्बाइड असतं आणि ते कुरुंदापेक्षा कठीण. तिथे साध्या दगडावर आजूबाजूचं पोलाद झिजतं, कार्बाइडं उंचवट्यासारखी उभी राहतात आणि धुरकटपणा जात नाही. अशा सुरीला १००० नंतर हिऱ्याचा किंवा सीबीएनचाच (क्यूबिक बोरॉन नायट्राइडचा) दगड हवा, चामोटीवरही हिऱ्याचीच पेस्ट. अर्कान्सा, बेल्जियन कोटिक्यूल यांसारखे नैसर्गिक दगड सुंदर असतात, पण आजच्या स्टेनलेसवर फार सावकाश चालतात. पहिल्या संचात त्यांची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा कार्बोरंडमचा दगड कोयत्यासाठी उत्तम, पण त्याच्या बारीक बाजूवरूनही १००० वर येताना फार मोठी उडी पडते.

ऑनलाइन दिसणारे अनोळखी नावाचे, ‘१०,०००’ छापलेले स्वस्त पांढरे दगड घेऊ नका. प्रमाण कुठलं ते लिहिलेलं नसतं, आणि खरा धोका सरासरी कणाचा नसून चुकार कणाचा असतो. पाच लाख बारीक कणांत एक जाडा कण असला तरी प्रत्येक फटक्याला तीच खोल रेघ उमटत राहते. असा दगड ओळखायला जुन्या पटाशीची सपाट पाठ आधीच्या दगडावर एकसारखी करून घ्या, मग नव्या दगडावर वीस फटके मारा आणि सोनाराच्या १०एक्स भिंगातून बघा. दगडाच्या ठरावीक जागेवरून गेल्यावर एकटी लांब रेघ पुन्हा पुन्हा दिसली, तर दोष दगडातच आहे.

आता कामाची पद्धत. त्यातली पहिली अर्धी १०००च्या दगडावरच जाते.

दगड आधी सपाट हवा. पेन्सिलीने त्यावर चौकटी आखा, तुमची ४००ची डायमंड प्लेट ओली करून त्यावर फिरवा, सगळ्या चौकटी पुसल्या की दगड सपाट. ही प्लेट यापुढे मुख्यतः याच कामाला ठेवा, सुरीवर तुटका भाग काढायचा असेल तेव्हाच वापरा. प्लेट नसेल त्यांनी जाड काचेवर पी २२०चा वॉटर पेपर चिकटवला तरी चालतं, मात्र कागदाचे सुटे कण दगडात रुतून बसतात, म्हणून नंतर नायलॉनच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासायचं. दगडाच्या चारही कडा प्लेटवर किंचित मारून घ्या, नाहीतर धारदार कड पात्यावर ओरखडा काढते. १०००ची मऊ बाजू दर दोन-तीन सुऱ्यांमागे सपाट करावी लागते. खोलगट दगडावर कोन बदलत राहतो, आणि कोन हलला की बेव्हल गोलसर होतं. गोलसर बेव्हलवर झिलई येते, पण आरसा म्हणून प्रतिमा दिसत नाही.

कोन मोजायला सोपं गणित आहे. पात्याची रुंदी ४५ मिलिमीटर असेल तर दर बाजूला १५ अंशासाठी पात्याची पाठ दगडापासून ११.६ मिलिमीटर वर हवी, १२ अंशासाठी ९.४. तेवढ्या जाडीचा लाकडाचा ठोकळा कापून शेजारी ठेवा आणि दर काही फटक्यांनी त्याला पाठ टेकवून बघा. बेव्हलवर मार्करची शाई लावली तर कुठे घासलं जातंय ते लगेच कळतं. शाई फक्त खांद्यावरून, म्हणजे बेव्हलच्या धारेपासून लांबच्या कडेवरून, गेली तर पाठ खाली आहे, फक्त धारेवरून गेली तर वर. आणि अपेक्षा नीट ठेवा: धारेमागे पातं ०.३ मिलिमीटर जाड असेल तर १५ अंशावर बेव्हल जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद निघतं. छायाचित्रांतले रुंद चकचकीत पट्टे जाड पात्यांवरचे किंवा फार कमी कोनाचे असतात. पातळ, चांगल्या सुरीवरचा आरसा ही केसासारखी उजळ रेघच असते, आणि ती तशीच असायला हवी.

१०००वर एका बाजूने घासत राहा. धारेच्या पलीकडे पोलादाचा बारीक पापुद्रा वळतो, कारखान्यात त्याला बर म्हणतात. तो मुठीपासून टोकापर्यंत अखंड लागेपर्यंत दुसरी बाजू घ्यायची नाही. टोकाजवळचे शेवटचे तीन सेंटिमीटर बहुतेकांचे राहून जातात, कारण तिथे पातं वळतं आणि मूठ थोडी उचलावी लागते. दोन्ही बाजूंनी बर आला की काम संपलं असं समजू नका. आरशाचं काम इथून सुरू होतं. दगड धुऊन घ्या, दाब निम्म्यावर आणा, आणि सगळ्या रेघा एकसारख्या, एकाच दिशेने दिसेपर्यंत हलके फटके मारा. दाब किती ते हाताला शिकवायचं असेल तर दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा: सुरुवातीला दीड-दोन किलो, १०००च्या शेवटी अर्धा किलो, ३०००वर तेवढाच आणि ६०००वर शेवटी २०० ते ३०० ग्रॅम.

३०००वर जाताना पातं फिरवा. १०००वर रेघा धारेला काटकोनात असतील तर ३०००वर ४५ अंशांनी तिरप्या पाडा, ६०००वर उलट्या बाजूने तिरप्या. मग भिंगात जुन्या आणि नव्या रेघा वेगळ्या ओळखता येतात. जुन्या दिशेची एकही रेघ दिसत नाही तोवर पुढचा दगड हातात घ्यायचा नाही. मोबाइलच्या टॉर्चखाली पातं सावकाश कलतं करत बघितलं तरी राहिलेली रेघ चमकते. ६०००वर राहिलेली १०००ची रेघ दिसली तर ६००० घासत बसू नका, परत ३०००वर जा, वेळ वाचतो.

मधूनच दिसणारी ती एकटी खोल रेघ मात्र बहुधा घाणीमुळे येते. १०००च्या दगडाचा एक सुटा कण ६०००च्या गाळात गेला की पुरे. दर दगडानंतर सुरी, मूठ, हात, नखं आणि टेबल धुवा. दर दगडाला वेगळं फडकं आणि वेगळं पाणी ठेवा. जोडदगडाचा हाच मोठा तोटा आहे, कारण उलटा केला की १०००चा गाळ ओघळून ६०००वर येतो. म्हणून उलटण्याआधी तो कडांसकट घासून धुवा. गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. विहिरीच्या आणि गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात, विशेषतः पावसाळ्यात, जांभ्याची तांबडी माती आणि वाळूचे बारीक कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ कठीण केलेल्या पोलादावरही ओरखडा पाडतं. ३०००च्या पुढे फिल्टरचंच पाणी वापरा. दगडावर खोबरेल तेल कधीही नको, ते छिद्रांत चिकट होऊन बसतं आणि दगड कापणं सोडतो.

दगड भिजवण्याचा नियम सगळ्यांना सारखा नाही. मऊ, सच्छिद्र १०००चा दगड बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवायचा. ६०००च्या बाजूवर पाणी शिंपडलं की पुरे, त्यामुळे जोडदगड १०००ची बाजू खाली करून उथळ पाण्यात ठेवा. मॅग्नेशियाच्या बंधाचे दगड तासन्‌तास भिजवले किंवा उन्हात वाळवले तर तडकतात. विकत घेताना ही गोष्ट विचारून घ्या.

आता चामोटी. न्हाव्याची लोंबती चामोटी वस्तऱ्यासाठी आहे. वस्तऱ्याची जाड पाठच चामड्याला टेकते आणि कोन आपोआप राहतो. सुरीला तो आधार नाही. लोंबतं किंवा जाड मऊ चामडं दाबाखाली धारेभोवती वर येतं आणि टोकाला गोल करतं. बेव्हल झळाळतं, धार मात्र टोमॅटोवरून घसरते, हे त्याचंच लक्षण. सुरीला सपाट, कठीण पाठीवर डकवलेलं पातळ चामडं हवं: बाभळीच्या वा तत्सम सालीने कमावलेलं, दीड ते दोन मिलिमीटर जाड, २५० ते ३०० मिलिमीटर लांब, ६० ते ७५ रुंद, गुळगुळीत बाजू वर. जुना पट्टा किंवा चपलेचं चामडं घेऊ नका, ते बहुधा क्रोमने कमावलेलं, वर रंगाचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेलं असतं आणि त्यात धूळ रुतलेली असते. पाठीला एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतं. फणसाची किंवा सागाची फळीही कोकणच्या हवेत किंचित वाकते. ग्रॅनाइटच्या दुकानातला पॉलिश केलेला उरलेला तुकडा किंवा १० मिलिमीटरची काच ही सगळ्यांत भरवशाची पाठ आहे, आणि ती सहज मिळते.

हिरव्या साबणात क्रोमियम ऑक्साइड असतं, त्याचा कण नावापुरता ०.५ मायक्रॉनचा. बफिंगसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त वड्यांत मात्र अॅल्युमिनियम ऑक्साइडचे जाडे कण बऱ्याचदा मिसळलेले असतात, कारण त्यांना मशीनवर भराभर कापायचं असतं. तुमच्या धुरकट झाकेतला थोडा वाटा या वडीचाही असू शकेल. त्याऐवजी १ मायक्रॉन आणि ०.५ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट घ्या, पाच ग्रॅमची सिरिंज घरच्या वापराला दीर्घकाळ पुरते. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतात. २५० मिलिमीटरच्या चामड्यावर मोहरीएवढे आठ-दहा ठिपके द्या, स्वच्छ बोटाने पसरवा, रात्रभर वाळू द्या. दर मापाला स्वतंत्र चामोटी आणि तिच्या पाठीवर ठळक आकडा. एकदा १ मायक्रॉनच्या चामोटीवर जाडी पेस्ट लागली की ती परत साफ होत नाही. पेस्ट जास्त झाली तर थर साचतो, गुठळ्या होतात आणि त्या धारेखाली लोळतात; चामडं काळं पण मॅट दिसलं पाहिजे, त्यावर थर चमकायला नको.

चामोटीवर पातं नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचं, धार मागे राहील असं. दाब सुरीच्या वजनाहून थोडाच जास्त, आणि पाठ दगडावरच्यापेक्षा एक-दोन अंशांनी खाली, कारण चामडं थोडं तरी दबतंच. १ मायक्रॉनवर दर बाजूला १५ ते २०, मग ०.५वर १० ते १५ फटके. फटका संपताना पातं थांबवून मग उचला, ओढत ओढत कलतं केलं तर तिथेच धार बोथट होते. त्याआधी एक गोष्ट विसरू नका: बर चामोटीने तोडायचा नसतो. ६०००वर बाजू बदलत, अगदी हलक्या हाताने, धार पुढे ठेवून आठ-दहा फटके मारले की तो निघतो. राहिलेला बर चामोटीवर सरळ उभा राहतो, दाढीचे केस काढण्याइतका तेज वाटतो, आणि पहिल्या कांद्यातच दुमडतो. विशेषतः ५५-५७ एचआरसीच्या (रॉकवेल मापाने कठीणपणा) मऊ स्टेनलेसवर तो चिवट असतो.

आणि हे सगळं कुठल्या सुरीवर करायचं? मोरी माशाचे किंवा इसवणाचे बिनकाट्याचे काप, कच्ची पातळ फोड, कांदा-कोथिंबीर उभ्या दाबाने कापणं, यांत आरशाची धार खरोखर सरस ठरते. मांसाचे तंतू फाटत नाहीत, कापलेला भाग ओलसर चमकतो. टोमॅटोची साल, मिरची, खवल्यांसकट बांगडा यांना १००० ते ३०००ची थोडी दात असलेली धार बरी. तिथे आरसा घसरतो. काट्यावर तर आरशाची पातळ धार उडतेच. आदोळीला (विळीला), नारळाच्या कोयत्याला ४००ची प्लेट आणि कार्बोरंडम एवढंच द्या. कार्बन पोलादाचं पातं मऊ लोखंडाच्या दोन थरांत असेल तर लोखंडाचा भाग कठीण दगडावर आरसा धरत नाही, धुरकटच राहतो. ती तुमची चूक नव्हे, दोन्ही पोलादांची जात वेगळी आहे.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, कार्बन पोलादावर दगडाचं पाणी वाळायच्या आत पिवळा गंज धरतो. दगडावर शिंपडायच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला तर तो लांबतो. काम झालं की पातं कोरडं करून केमिस्टकडे मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पुसट हात द्या. दगड सावलीत, उभे, पंख्याखाली दोन दिवस वाळवा. ओले दगड बंद डब्यात ठेवले तर बुरशी धरतात. चामोटी मात्र डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि तिला तेल लावू नका, मऊ पडते. पांढरी बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून स्पिरिटचा बोळा फिरवा, सावलीत वाळवा आणि पेस्ट नव्याने पाच-सहा ठिपके द्या.